चार्ल्स्टनची भाऊबंदकी

"हॉटेल परवडलं नाही म्हणून राहिलात शेतावर, की हौस?"

काकूंचा पहिलाच प्रश्न हा. कुंपणापलीकडे जास्वंदीची छाटणी चालली होती. कात्री हातात, नजर फांदीवर आणि कान माझ्याकडे.

"दोन्ही, काकू. शहरातल्या खोलीचं भाडं ऐकून हे म्हणाले, एवढ्यात कराडात महिना निघतो. मग लेकीनं जॉन्स आयलंडवरचं एक शेत शोधून काढलं. बेट म्हणायचं, पण पूल आहे. शहरातून गाडीनं अर्धा-पाऊण तास. मालकीणबाईंच्या घरामागं दोन खोल्या, पुढं कोंबड्या, बाजूला शेळ्या, पलीकडे टोमॅटो."

"म्हणजे विमानाचं एवढं तिकीट काढून तू शेळ्या बघायला गेलीस."

"हसू नका. त्या पहाटे ओरडून उठवायच्या, म्हणून आम्ही ऊन चढायच्या आत शहरात पोचायचो. जूनमध्ये तिथं नऊ वाजले की अंगातले कपडे पिळून घ्यावेत अशी हवा. डास तर आहेतच, पण डासांच्या वरताण एक चिलट आहे. डोळ्यांना दिसतच नाही, चावलं की कळतं. ह्यांचा कान तर असा सुजला..."

"डास इथंही आहेत. तू शहराचं सांग."

तर शहराचं. चार्ल्स्टन साउथ कॅरोलायनात, अटलांटिकच्या काठावर. इंग्रजांनी १६७० साली वसवलेलं. एकीकडून अ‍ॅश्ली नदी, दुसरीकडून कूपर, आणि दोघींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर जुनं गाव. तिथल्या जुन्या घराण्यांना आपल्या गावाचा ताठा एवढा, की म्हणतात, अ‍ॅश्ली आणि कूपर इथं एकत्र येतात आणि त्यांचा अटलांटिक महासागर होतो.

"बाई गं! आपल्याकडं कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात, पण एवढं बोलायची छाती नाही झाली कुणाची."

पण मला काकूंना सांगायचं होतं ते घरांचं. ती घरं रस्त्याकडे तोंड करून उभीच नाहीत, कूस करून उभी आहेत. रस्त्याला लागून फक्त एका खोलीची रुंदी, बाकी घर आत लांबच लांब. रस्त्यावर छान रंगवलेलं दार. ते उघडून आत पाऊल टाकलं, की आपण घरात नसतोच, असतो व्हरांड्यात! घराचं खरं दार त्या व्हरांड्याच्या मध्यावर. रस्त्यावरचं दार उघडं असेल तर मंडळी भेटायला मोकळी आहेत, बंद असेल तर आपली वाट धरायची, अशी जुनी पद्धत असं सांगतात. व्हरांड्याच्या छताला फिकट निळा रंग. तो कशासाठी, तर भुतं आत येऊ नयेत म्हणून.

"भुतांचं ठीक आहे. शेजारी कसे?"

"तीच तर गंमत. व्हरांडा दक्षिणेला नाहीतर पश्चिमेला, वारा यावा म्हणून. म्हणजे तुमच्या व्हरांड्यासमोर शेजाऱ्याची उत्तरेची भिंत. त्या भिंतीला खिडक्या मुळातच कमी ठेवायच्या, आणि असतील त्यांतून खाली डोकावायचं नाही. हा तिथला शिष्टाचार. उकाड्यात माणसं व्हरांड्यात सैल बसणार, झोपणार, शेजाऱ्यानं बघून न बघितल्यासारखं करायचं."

काकूंची कात्री थांबली. "मग एकमेकांच्या घरात काय चाललंय ते कळायचं कसं?"

"मागच्या अंगणातून. तिथं वेगळं स्वयंपाकघर, त्याच्यावर गुलामांच्या खोल्या. पुढच्या घरातलं सगळं मागच्या घराला माहीत, मागच्याचं पुढच्याला काही नाही."

भिंतींवर जागोजाग लोखंडी चकत्या दिसतात. कुठं नुसती गोल, कुठं चांदणी, एके ठिकाणी चक्क सिंहाचं तोंड. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री तिथं जबरदस्त भूकंप झाला. साठेक माणसं गेली आणि विटांची घरं फुगून उभी राहिली. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी गज आरपार घातले, बाहेरून चकती लावली आणि नट आवळत आवळत घरं जागेवर आणली. काकूंनी हे मात्र मन लावून ऐकलं. सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपाला त्या माहेरी होत्या, पहाटे अंथरुणातून उठून अंगणात पळाल्या होत्या. "आमच्या भिंतीला असा गज घालणारा कुणी भेटला नाही," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा फांदीकडे वळल्या.

शहर दाखवायला घोडागाड्या आहेत. हे प्रकरण मजेशीर आहे. गाडी तबेल्यातून निघाली की एका ठिकाणी थांबते, तिथं तंबोल्यात असतं तसं सोडतीचं यंत्र आहे. त्यातून जो चेंडू पडेल त्या भागात तुमची फेरी. गल्ल्यांत गाड्यांची गर्दी होऊ नये म्हणून नगरपालिकेची ही व्यवस्था. पैसे भरलेत म्हणून हवी ती गल्ली मिळेल असं नाही. आणि घोड्यांना मागं झोळी बांधलेली.

"लंगोट?"

"लंगोटच म्हणा. आणि घोड्यानं रस्त्यात धार सोडली, तर गाडीवान त्या जागी एक छोटं निशाण टाकतो. मागून पाण्याची गाडी येऊन तेवढा रस्ता धुऊन जाते."

"कराड नगरपरिषदेला हे कळवू नकोस. निशाणांचं टेंडर निघेल."

आमच्या गाडीवानानं सगळं छान सांगितलं. कुणाचा वाडा, कुणाचं लग्न, कुणी कुणाला द्वंद्वात मारलं. पण मागच्या खोल्यांपाशी आला की म्हणायचा, इथं घरातले नोकर राहत. संध्याकाळी मी हे मालकीणबाईंना सांगितलं. अंडी निवडता निवडता त्या म्हणाल्या, नोकराला पगार असतो, त्याला नोकरी सोडता येते. आणि चाल्मर्स स्ट्रीटवर जाऊन या म्हणून बजावलं.

गेलो. दगडगोट्यांचा उखडलेला रस्ता, चप्पल घालून चालणं मुश्कील. तिथं गुलामांच्या लिलावाची जुनी जागा आहे, आता संग्रहालय. आधी लिलाव उघड्यावर, भररस्त्यात व्हायचे. १८५६ मध्ये नगरपालिकेनं बंदी घातली. लिलावावर नव्हे, उघड्यावर करण्यावर! म्हणून मग आत, भिंतींच्या आड सुरू. पुढं पाच वर्षांनी, एप्रिल १८६१ मध्ये, ह्याच बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध पेटलं. किल्ल्यावर बोटीनं जातात. आम्ही नाही गेलो, ह्यांना बोट लागते.

"मला एक सांग," काकू म्हणाल्या, "एवढे वाडे, एवढा थाट, पैसा आला कुठून?"

हा प्रश्न काकूच विचारू शकतात. घोडागाडीत कुणी विचारला नव्हता.

पैसा आला भातातून आणि निळीतून. नदीकाठची दलदल तोडून खाचरं काढली. भरतीबरोबर नदीचं गोडं पाणी वर चढायचं, ते लाकडी दारांनी आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. ही शेती इंग्लंडहून आलेल्या साहेबाला कुठून येणार? पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवणारी माणसं पकडून आणली होती, त्यांच्या हातांना ते ठाऊक होतं. नाव मात्र 'कॅरोलायना गोल्ड' तांदळाचं झालं आणि वाडे जमीनदारांचे. निळीचं श्रेय एलायझा लुकास नावाच्या मुलीला देतात. बाप परदेशी, सोळा-सतरा वर्षांची पोर शेतीवाडी सांभाळायची, १७४० च्या सुमारास तिनं नीळ पिकवून दाखवली. पोरगी हुशार होती, शंकाच नाही. पण कुंडात पानं कुजवून, पाणी घुसळून वडी पाडणारे हात तिचे नव्हते.

"आणि काकू, ती नीळ तिथंच राहिली नाही बरं का. अमेरिका स्वतंत्र झाली, इंग्रजांनी तिथल्या निळीला द्यायचं अनुदान बंद पडलं, मग त्यांनी बंगाल धरला. पुढं बिहारात चंपारण झालं ते त्याच निळीपायी."

"फिरून फिरून आपल्याच दारात."

जॉन्स आयलंडवर भातापेक्षा कापूस मोठा. लांब धाग्याचा, रेशमासारखा, 'सी आयलंड' कापूस. १९२० च्या सुमारास त्याचा धुव्वा उडाला.

"बोंडअळी?"

"अळी नव्हे, बोंड पोखरणारा भुंगा. मग लोक भाजीपाल्याकडे वळले. आजही तिथं टोमॅटो नावाजलेला. शेजारच्या वाडमलॉ बेटावर चहाचा मळाही आहे, १२७ एकरांचा. यंत्रानं वरवरची पानं भादरून घेतात, आत कारखाना बघता येतो. पण चहा देतात तो बर्फ घालून, साखरेच्या पाकासारखा गोड. ह्यांनी दूध मागितलं तर ती मुलगी घाबरली."

जॉन्स आयलंडवरच एक ओकचं झाड आहे, एंजल ओक. चारपाचशे वर्षांचं म्हणतात. फांद्या एवढ्या जड की जमिनीवर टेकल्यात, एखादी मातीत जाऊन पुन्हा वर आलीय. बघायला पैसे नाहीत. काकूंनी ह्यावर काही विचारलं नाही, मीही फार बोलले नाही. झाडाखाली उभं राहायचं असतं, कुंपणावरून सांगता येत नाही.

त्यांनी विचारलं ते बाजाराचं. "काय आणलंस?"

"परडी."

आत जाऊन घेऊन आले. काकूंनी कात्री खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि परडी उन्हात धरली. वाळलेल्या गवताच्या पेंड्या गोल गोल फिरवत, ताडाच्या पातीच्या फितीनं टाके घालत विणलेली. मधूनमधून पाइनच्या तपकिरी सुया. गवताला वास येतो, वैरणीचा आणि मधाचा मिळून असा. सिटी मार्केटमध्ये एक आजी खुर्चीवर बसून विणत होत्या. हातात चमचा, पण पुढची वाटी कापून टाकलेला, नुसता दांडा. त्यानं पेंडीत भोक पाडायचं, पात ओवायची, ओढायची. पाच मिनिटं बघत उभी राहिले तर कडेला दोन बोटं जागा पुढं सरकली होती. मूळचं हे सूपच. भात पाखडायला मळ्यांवर असली मोठी सुपं विणत. विद्याही आफ्रिकेतून आलेली.

"केवढ्याला?"

किंमत सांगितली. शंभर डॉलरला टेकलेली.

"आठ-नऊ हजाराची परडी! घासाघीस नाही केलीस?"

"ह्यांनी तोंड उघडलं होतं. आजींनी विणणं थांबवून ह्यांच्याकडे फक्त बघितलं. ह्यांनी पैसे काढले."

मग आजीच बोलत्या झाल्या. आताशा गवत मिळणं अवघड. ते वाळूच्या टेकड्यांमागं, खाडीच्या कडेला उगवतं. पूर्वी जाऊन उपटून आणायचं. आता त्या किनाऱ्यांवर बंगले, गोल्फची मैदानं, आणि फाटकावर पहारेकरी. ह्या किनाऱ्यावरच्या बेटांवर जे काळे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्यांना गला म्हणतात. त्यांची बोली वेगळी, जेवण वेगळं. भेंडीचं सूप, लाल भात, नव्या वर्षाच्या दिवशी चवळी घातलेला भात. ह्या आजीही त्यांतल्याच.

"बिल्डर शिरलाय म्हण की," काकू म्हणाल्या.

"शिरलाय कसला, ठाण मांडलंय. आमच्या बेटाच्या पलीकडे कीआवा बेट. १९७४ साली कुवेतच्या एका कंपनीनं विकत घेतलं. आता तिथं जगातले मोठे गोल्फपटू येतात. फाटकाच्या आत आपल्याला कोण सोडतंय!"

आणि इथून खरी गोष्ट सुरू झाली. शहरात कितीही हिंडलो असतो तरी ही कळली नसती. शेतावर राहिलो म्हणून कळली, आणि तीही कुंपणावरून.

मालकीणबाईंच्या शेताला लागून एका वयस्क काळ्या गृहस्थांची जमीन. शनिवारी ते रस्त्याच्या कडेला गॅसवर मोठं पातेलं ठेवून शेंगा उकडतात. ओल्या भुईमुगाच्या, मीठ घालून, तासन्‌तास.

"उकडलेल्या शेंगा! अमेरिकेत?"

"त्या प्रांताचं ते लाडकं खाणं. कागदी पिशवीतून, गरमगरम. ह्यांनी रोज खाल्ल्या. परदेशात आल्यापासून पहिल्यांदा माणसासारखं खायला मिळालं म्हणाले."

तर ते शेंगावाले काका. एका संध्याकाळी बाई आणि ते कुंपणाशी बोलत होते, आम्ही शेळ्यांना पाला घालत होतो. ते गेल्यावर बाईंनी सांगितलं. त्यांच्या पणजोबांनी युद्धानंतर ती जमीन विकत घेतली. त्याआधी, जानेवारी १८६५ मध्ये, जनरल शर्मननं हुकूम काढला होता, की चार्ल्स्टनपासून दक्षिणेची बेटं आणि किनारा गुलामीतून सुटलेल्यांना, कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. एप्रिलात लिंकनचा खून झाला. नव्या अध्यक्षानं, अँड्र्यू जॉन्सननं, वर्षाच्या आत जमिनी जुन्या मालकांकडे फिरवल्या. दिलेली जमीन काढून घेतल्यावर लोकांनी मजुरी करून, डॉलर साठवून विकत घेतली. काकांच्या पणजोबांनीही तशीच.

"मग घेतली की! अडचण काय?"

"पणजोबांनी मृत्युपत्र केलं नाही."

काकूंनी कुंपणाच्या तारेवर हात ठेवला. "मग आजोबांनी?"

"नाही. वडिलांनीही नाही. वकिलाकडे जायला पैसे नव्हते, आणि कोर्टावर विश्वास ठेवावा असं कोर्टानं त्यांच्याशी कधी वागलंच नव्हतं. जमीन सगळ्यांची, असं समजून पुढं चालत आली. मुलं, नातवंडं, पणतवंडं. निम्मी न्यूयॉर्कला, फिलाडेल्फियाला पोटामागं गेलेली. जमीन कसतात काका, कर भरतात काका, पण कागदावर हिस्सा सगळ्यांचा, न वाटलेला."

"सातबाऱ्यावर चाळीस नावं," काकू म्हणाल्या.

"अगदी तेच! आणि नावं तरी आहेत आपल्याकडं. तिथं नोंदीवर अजून पणजोबाच."

अशा जमिनीवर बँक कर्ज देत नाही. वादळात घर पडलं तर सरकारी मदत मिळताना नाकी नऊ येतात, कारण मालक कोण ते दाखवता येत नाही. पण ह्याहून वाईट पुढं आहे. समजा, शिकागोत राहणारा एखादा चुलतभाऊ, ज्यानं हे बेट डोळ्यांनी बघितलेलं नाही, त्यानं आपला एक तिसावा हिस्सा एखाद्या कंपनीला विकला. आता कंपनी हिस्सेदार झाली. हिस्सेदाराला कोर्टात जाऊन वाटणी मागता येते. जमिनीचे तीस तुकडे कसे करणार? कोर्ट म्हणायचं, सगळीच विका आणि पैसे वाटून घ्या. लिलाव व्हायचा. लिलावात एवढी रोकड कुणाकडं? त्या कंपनीकडं. कवडीमोलानं जमीन तिची, आणि जन्मभर कर भरणाऱ्याच्या हातात चार डॉलर.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे एक फितूर झाला की सगळे गेले."

"फितूर तरी कसं म्हणायचं? त्याला अचानक चिठ्ठी येते, तुमची एक जमीन आहे, आम्ही एवढे पैसे देतो. त्याला वाटतं लॉटरी लागली."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस. सही करताना फोन करायला काय झालं होतं?"

आमच्या बाईंनाही बिल्डरांचे फोन येतात, आठवड्याला एखादा तरी. त्या नको म्हणतात आणि फोन ठेवतात. त्यांचा कागद स्वच्छ. मी काकूंना हे सांगितलं तर त्यांनी नेमकं बोट ठेवलं: "कुंपण एक, माती एक, भाव एक. कागद तेवढा वेगळा."

शेंगावाल्या काकांची नात शहाणी आहे. ती कागद जमवतेय. आधी वंशवेल सिद्ध करावी लागते, कोण कुणाचा, कोण हयात, कोण नाही. त्यासाठी ती शहरातल्या नव्या संग्रहालयात जाते, तिनंच आम्हाला तिकडं पाठवलं. कूपर नदीकाठी गॅड्सडेन धक्का होता. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची जहाजं तिथं लागायची. उत्तर अमेरिकेत आणलेल्या गुलामांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास माणसं चार्ल्स्टन बंदरातून आली असा अंदाज सांगतात. त्या जागेवर जून २०२३ मध्ये आफ्रिकी अमेरिकन लोकांचं संग्रहालय उघडलं. अख्खी इमारत जाड खांबांवर उचललेली, ती जागा मोकळी राहावी म्हणून. खाली फरशीवर माणसांच्या आकृत्या कोरल्यात, जहाजाच्या तळात झोपवायचे तशा खेटून, डोक्याला पाय. त्यांच्यावर उथळ पाणी चढतं, ओसरतं. लोक काठावर उभे राहतात. एक लहान मुलगा पाण्यात पाय घालायला धावला, आईनं दंड धरून मागं ओढला आणि मग स्वतःच रडायला लागली.

वरच्या मजल्यावर घराण्यांचा इतिहास शोधायला मदत करणारा विभाग आहे. तिथं कळलं, की १८७० ची जनगणना ही पहिली, जिच्यात ह्या सगळ्या लोकांची नावं आडनावासकट आहेत. त्याच्या आधीच्या दोन जनगणनांत, १८५० आणि १८६० मध्ये, गुलामांची यादी मालकाच्या नावाखाली. पुरुष, वय तीस. बाई, वय बावीस. नाव नाही.

"नाव नाही?"

"नाही. नातीला काकांचे पणजोबा सापडले ते सत्तरच्या गणनेत. त्यांच्या आईचं नाव मात्र कुठंच नाही."

काकूंनी परडी माझ्या हातात परत दिली.

मग मी त्यांना चर्चचं सांगितलं, कारण ह्याच गोष्टीचा दुसरा धागा तिथं आहे. कॅलहून स्ट्रीटवर इमॅन्युएल चर्च, पांढरं, उंच मनोऱ्याचं. ज्याच्या नावाचा रस्ता तो कॅलहून म्हणजे गुलामगिरीचा कट्टर वकील. जवळच्या चौकात उंच खांबावर त्याचा पुतळा होता, तो २०२० मध्ये उतरवला. रस्त्याचं नाव तेच. १७ जून २०१५ च्या संध्याकाळी त्या चर्चमध्ये बायबलचं वाचन चाललं होतं. एक गोरा मुलगा येऊन बसला, त्यांनी त्याला जागा दिली, तासभर तो बसला आणि मग गोळ्या झाडल्या. नऊ माणसं गेली. त्यांत चर्चचे पाद्री क्लेमेंटा पिंकनी, जे राज्याचे सिनेटरही होते.

"पेपरात आलं होतं तेव्हा."

"पेपरात हे आलं नव्हतं, की पुढं साउथ कॅरोलायनानं वारसांच्या ह्या जमिनींसाठी कायदा केला आणि त्याला पिंकनींचं नाव दिलं. १ जानेवारी २०१७ पासून लागू. आता हिस्सेदारानं विक्री मागितली तर आधी बाकीच्या वारसांना रीतसर कळवायचं. जमिनीची किंमत तिऱ्हाईताकडून ठरवायची. त्या किमतीनं तो हिस्सा घ्यायचा पहिला हक्क घरच्यांना. घरच्यांना जमलंच नाही, तर कोर्टानं बघायचं, की किती पिढ्या राहिल्यात, कोण कसतंय. आणि विकायचीच वेळ आली तर कोर्टाच्या पायरीवर लिलाव नाही, बाजारभावानं. चार्ल्स्टनमध्ये ह्याच कामाची एक संस्था आहे, २००५ पासून. तिचे वकील कागद सोडवून देतात."

"मग सुटला म्हाताऱ्याचा प्रश्न."

"कुठला! पहिला हक्क मिळाला, पैसे कुठून आणायचे? त्या बेटावर आता एकराचा भाव ऐकून आपल्याला घेरी येईल. नात म्हणते, निदान रातोरात तरी जाणार नाही."

ह्यानंतर मी काकूंना कोळंबी आणि मक्याच्या कण्यांचं सांगायला घेतलं. शहरातलं नाव घेण्यासारखं जेवण तेच. सांगत होते, की कण्या दुधालोण्यात शिजवतात, वर कोळंबीचा रस्सा ओततात, आणि भरतीच्या मोठ्या दिवसांत बाजारापाशी रस्त्यावर खाडीचं पाणी येतं म्हणून आमच्या बाई शहरात जेवायला जाण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघतात. पण काकूंचं लक्ष उडालं होतं. माझं बोलणं मध्येच तोडून त्या म्हणाल्या, "घरच्यांना पहिला हक्क. हे आपल्याकडं आहे का गं?"

नशिबानं माझा भाऊ वकील. ही सगळी कथा फोनवर त्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला होता, अमेरिकेला कशाला जायला पाहिजे, आपल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २२ आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला, जमीन दोघातिघा जवळच्या वारसांकडे आली, आणि त्यांतला एकजण आपला हिस्सा विकायला निघाला, तर तो घ्यायचा पहिला मान बाकीच्यांचा. शेतजमिनीला हे लागू की नाही ह्यावर बरेच वाद झाले, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लागू आहे म्हणून सांगितलं.

"बावीस," काकूंनी घोकलं. "जवळचे म्हणजे मुलं, मुली, बायको?"

"आणि आई. पण जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टाची, आधी हक्कसोड झालंय का, बहिणींनी सह्या केल्यात का, ह्यावर सगळं. कागद बघितल्याशिवाय तो काही बोलत नाही."

काकूंनी इकडंतिकडं बघितलं. आवाज खाली आणला. मामंजींनी मृत्युपत्र केलं नव्हतं. रस्त्याकडेची साडेतीन एकर अजून सामाईक. आणि धाकटे दीर गेल्या महिन्यापासून एका पांढऱ्या गाडीतून हिंडतायत, ती गाडी त्यांची नाही.

"नणंदांनी हक्कसोड दिलंय?"

"थोरलीनं दिलंय. धाकटी म्हणाली, आधी माझ्या मुलीच्या लग्नात काय करता ते बघू. तुझा भाऊ रविवारी घरी असतो का?"

"असतो. सातबारा, फेरफार, असेल तो कागद घेऊन या म्हणावं काकांना."

"सगळे कागद आहेत घरात, एका फडताळात, एका जागी," काकू म्हणाल्या. "किल्ली तेवढी धाकट्या दिरांकडं असते."